दप्तर कोणाचे?

आमच्या मंडळाच्या एका वार्षिक सभेत हिशेब वाचून झाल्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी अनपेक्षित प्रश्न विचारला, "आपल्या मंडळाला माहितीचा अधिकार लागू होतो काय?" सभेत हशा पिकला. मंडळाची स्थावर-जंगम मिळकत म्हणजे पुस्तकांची दोन कपाटे, एक बंद पडलेले घड्याळ आणि ठेवपावत्यांची फाईल. तिच्यात दडवण्यासारखे ते काय असणार? चिटणीस म्हणाले, "आपली संस्था सार्वजनिक आहे, तेव्हा लागू होणारच." कोषाध्यक्ष म्हणाले, "आपण सरकारी थोडेच आहोत? लागू होण्याचे कारण नाही." दोघांनीही आपापल्या परीने खरेच सांगितले होते, आणि तरीही दोघांचे निष्कर्ष एकमेकांना छेद देत होते. हशा ओसरला, चहा झाला, सभा उठली, परंतु तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. 'सार्वजनिक' आणि 'सरकारी' ह्या दोन शब्दांमध्ये जे अंतर आहे त्यात आपल्या सीमाभागाचा बराच इतिहास साठलेला आहे असे आम्हांस वाटू लागले. प्रस्तुत टिपण त्यातूनच आले.

प्रथम दप्तराविषयी. कंपनी सरकारच्या आधी, आणि तिच्या अमलाच्या आरंभीही, गावाचा हिशेब कुलकर्ण्याच्या घरी असे. लाल-पांढऱ्या रुमालांत बांधलेले मोडी कागद त्याच्या माळ्यावर किंवा देवघराशेजारच्या फडताळात राहत. चावडीवर बसून तो लिही, पण कागद घरी नेई. कुलकर्ण हे वतन होते, आणि दप्तर हे वतनाचे अंग. भाऊबंदांत वाटणी झाली म्हणजे दप्तरावरूनही तंटे होत. एखाद्या कुणब्याला आपल्या जमिनीचा आकार किती हे पाहायचे असेल तर ते त्याला कुलकर्ण्याच्या मर्जीने कळे. गावाचे दप्तर गावासंबंधी होते, गावाचे नव्हते. देशमुख-देशपांडे आणि आपल्या निपाणीकर देसायांसारखे सरदार ह्यांच्या बाबतीतही हेच, फक्त कागद अधिक आणि वाडा मोठा.

बेळगाव-धारवाडचा मुलूख १८१८ मध्ये इंग्रजांकडे आला. १८३६ मध्ये बेळगाव हा धारवाडपासून वेगळा जिल्हा झाला. नव्या सरकारला सर्वांत आधी काय हवे होते? कागद. इनामे खरी किती, खोटी किती हे ठरवण्यासाठी १८४३ पासून ह्याच दक्षिण मराठा मुलुखात चौकशी सुरू झाली, आणि १८५२ च्या अकराव्या अधिनियमाने इनाम कमिशनला कायद्याचे पाठबळ मिळाले. ह्या चौकशीत घरोघरची दप्तरे सरकारकडे गेली. पुष्कळ घराण्यांना ती लूट वाटली. सन सत्तावनच्या असंतोषाच्या कारणांत इनाम कमिशनचे नाव इतिहासकार घेतात ते उगीच नव्हे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. कागद वतनदाराच्या घरून सरकारच्या घरी गेले; रयतेच्या हाती आले नाहीत. कुलकर्ण्याच्या जागी तलाठी आला, १८७९ च्या जमीन महसूल संहितेने गावनमुन्यांची घडी बसवली, आणि १९५० च्या मुंबई कायद्याने परगणे व कुलकर्णी वतनेच नाहीशी झाली. पण मधल्या काळात, १९२३ मध्ये, शासकीय गुपिते अधिनियमही आला होता. वतनदाराची मर्जी गेली आणि साहेबाची मर्जी आली, एवढाच काय तो फरक.

आता 'सार्वजनिक' ह्या शब्दाकडे वळू. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४८ ची. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० ची. पुढे सार्वजनिक गणेशोत्सव आला, सार्वजनिक सत्यनारायण आला, सार्वजनिक काका तर व्यक्तीचेच नाव झाले. ह्या सर्व ठिकाणी 'सार्वजनिक' म्हणजे लोकांनी वर्गणी काढून, लोकांसाठी, सरकारच्या भरवशावर न राहता चालवलेले. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या मराठी माणसाने हा शब्द सरकारी ह्याच्या विरुद्ध बाजूला उभा केला होता. जे सर्वांचे ते सार्वजनिक; जे सरकारचे ते सरकारी. बेळगावची नगरपालिका १८५१ ची. ती ज्या १८५० च्या अधिनियमाखाली झाली त्यातही रहिवाशांनी इच्छा दाखवावी आणि मग सरकारने व्यवस्था लावावी अशी योजना होती. वाचनालय आणि नगरपालिका ह्यांच्या जन्मात तीनच वर्षांचे अंतर. एक लोकांच्या वर्गणीतून झाली, दुसरी कायद्याच्या कलमातून. दीडशे वर्षांनी संसदेने रेघ ओढली ती नेमकी ह्या दोहोंच्या मधून.

माहितीचा अधिकार अधिनियम १५ जून २००५ रोजी राष्ट्रपतींच्या संमतीने कायदा झाला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. त्यापूर्वी गोव्याने व तामिळनाडूने १९९७ मध्ये आपापले कायदे केले होते. कर्नाटकाने २००० मध्ये केलेला कायदा २००२ पासून अमलात होता. महाराष्ट्रात अण्णा हजारे ह्यांच्या आंदोलनाने ह्या विषयाला धार आणली. आणि राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने दुष्काळी कामांच्या हजेरीपटांसाठी १९९६ मध्ये ब्यावरला धरणे धरले. हा पूर्वेतिहास वाचकांस ठाऊक असेलच. आम्हांस येथे केवळ एका व्याख्येशी कर्तव्य आहे. ह्या कायद्याने माहिती मागता येते ती 'सार्वजनिक प्राधिकरणा'कडून. ते कोणते? संविधानाने वा त्याखाली स्थापन झालेले. संसदेच्या वा राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले. शासनाच्या अधिसूचनेने वा आदेशाने स्थापन झालेले. आणि त्यांखेरीज, ज्याची मालकी, ज्यावरील नियंत्रण किंवा ज्याचा मोठ्या प्रमाणावरील वित्तपुरवठा शासनाचा आहे असे मंडळ, तसेच शासनाच्या पैशावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे मोठ्या प्रमाणात चालणारी बिनसरकारी संस्था.

इंग्रजांनी स्वतःच्या देशात हे काम वेगळ्या पद्धतीने केले. त्यांच्या २००० सालच्या कायद्याला एक लांबलचक अनुसूची आहे, आणि तीत खाती, मंडळे, संग्रहालये ह्यांची नावे एकामागून एक दिलेली आहेत. नाव असेल तर तुम्ही आत, नसेल तर बाहेर. दक्षिण आफ्रिकेने त्याच वर्षी आणखी धीट पाऊल टाकले. एखाद्या हक्काच्या रक्षणासाठी माहिती आवश्यक असेल तर ती खाजगी संस्थेकडेही मागता येते. आपण यादी केली नाही आणि खाजगी दारही थेट उघडले नाही. आपण व्याख्या केली. 'नियंत्रण' म्हणजे किती, 'मोठ्या प्रमाणात' म्हणजे किती, हे न्यायालयांवर सोडले. यादी लवकर शिळी होते हे खरे. पण व्याख्येतला प्रत्येक शब्द म्हणजे एकेक खटला असतो, हेही खरेच.

ह्या व्याख्येला सीमाभागात आणून सोडले की काय होते ते पाहण्याजोगे आहे. बेळगाव शहरात चालता चालता माणूस एका सरकारच्या हद्दीतून दुसऱ्या सरकारच्या हद्दीत जातो. महानगरपालिका राज्य कायद्याची. कॅम्पातले छावणी मंडळ केंद्रीय कायद्याचे, आधी १९२४ च्या, नंतर २००६ च्या. दोन्ही सार्वजनिक प्राधिकरणे, ह्यात वाद नाही. पण रस्त्याच्या एका बाजूच्या गटाराविषयीचे शेवटचे अपील बंगळूरच्या राज्य आयोगाच्या कक्षेत, आणि दुसऱ्या बाजूच्या गटाराविषयीचे दिल्लीच्या केंद्रीय आयोगाच्या. अर्ज चुकीच्या दारी पडला तर तो पाच दिवसांत योग्य दारी पाठवावा असे कायदा म्हणतो, आणि हे कलम ज्याने लिहिले त्याला सामान्य माणसाची दया होती असे आम्हांस वाटते.

निपाणीची गोष्ट ह्याहून मौजेची. निपाणीची मुले शिकतात ते देवचंद महाविद्यालय गावाला लागून अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात, महाराष्ट्रात आहे आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. दूधगंगेवरचे काळम्मावाडीचे धरण महाराष्ट्रात, राधानगरी तालुक्यात; त्याच्या पाण्यात कर्नाटकाचा वाटा, आणि त्या वाट्याची वाट पाहणारा शेतकरी निपाणी-चिकोडीकडचा. तेव्हा निपाणीच्या एकाच घरात बापाला पाण्याचा हिशेब आणि मुलाला महाविद्यालयाच्या अनुदानाचा तपशील हवा असेल तर दोघांचे अर्ज महाराष्ट्राकडे जातील, आणि आईला घराच्या घरपट्टीबद्दल विचारायचे असेल तर तिचा कर्नाटकाकडे. कायद्याच्या भाषेत ह्याला 'समुचित शासन' ठरवणे म्हणतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ज्या घराचे समुचित शासन त्याला न विचारता ठरवले गेले, त्या घराला ह्या शब्दप्रयोगातला उपरोध समजावून सांगावा लागत नाही.

आणि भाषा. माहितीचा अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा अर्ज जेथे केला जातो 'त्या क्षेत्राच्या राजभाषेत' करावा असे सहावे कलम सांगते. कर्नाटकाच्या १९६३ च्या कायद्याप्रमाणे येथली राजभाषा कन्नड. म्हणजे वर सांगितलेल्या घरातील मुलगा अर्जुननगरात मराठीतून अर्ज करू शकतो. त्याची आई मैलभर अलीकडे, आपल्याच घरपट्टीबद्दल, मराठीतून अर्ज करण्याचा हक्क सांगू शकत नाही. केंद्र सरकारच्या येथल्या कार्यालयांनाही हेच कलम लागू. आमच्या परिचयातील काही वृद्ध मंडळी ह्यावर तोडगा म्हणून मराठी वळणाच्या हिंदीत अर्ज लिहितात. देवनागरी तेवढी आपलीच राहते. बरे, कर्नाटकाच्या नियमांत २००८ मध्ये आणखी एक गंमत आली. अर्ज एकाच विषयाचा असावा आणि सामान्यतः दीडशे शब्दांहून मोठा नसावा. परभाषेत दीडशे शब्दांत आपले म्हणणे मांडणे ही निबंधस्पर्धेत ठेवावी अशी परीक्षा आहे.

तथापि ह्याच कायद्याचे चौथे कलम नीट वाचावे अशी आमची वाचकांस विनंती आहे. प्राधिकरणाने न मागताही जी माहिती प्रसिद्ध करावयाची आहे, ती प्रसिद्ध करताना 'स्थानिक भाषा' लक्षात घ्यावी असे तेथे म्हटले आहे. सहाव्या कलमात राजभाषा, चौथ्यात स्थानिक भाषा. एकाच कायद्यात दोन भिन्न शब्द योजले गेले तर त्यांचे अर्थही भिन्न असावेत, असे मानण्याची कायदेपंडितांची रीत आहे. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ मध्ये, केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांसाठी जी संरक्षणे मान्य केली त्यांत, जेथे अल्पसंख्याकांचे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या वर असेल तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेत द्यावेत, हा संकेत आहे. संविधानाचा ३५० वा अनुच्छेद तर तक्रार-निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क मानतो. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे एक विभागीय कार्यालय दीर्घकाळ बेळगावात होते. हे सारे धागे एकत्र ओवून, चौथ्या कलमाखाली मराठी फलक, मराठी नागरिक सनद मागण्याचा मार्ग आपल्यापैकी फार थोड्यांनी चोखाळला. आपण बहुधा मोर्चा काढला. मोर्चा आवश्यक होता, हे आम्ही नाकारत नाही. २००५ च्या अखेरीस, हा कायदा नुकताच अमलात आला असताना, सीमाप्रश्नी ठराव केल्याबद्दल बेळगावची निवडून आलेली महानगरपालिकाच बरखास्त झाली, तेव्हा अर्जफाट्याची आठवण कोणाला राहणार? पण निवडून आलेले सभागृह गेले तरी महानगरपालिका हे प्राधिकरण उरतेच. प्रशासकाच्या राजवटीतही त्याच्याकडे अर्ज करता येतो, किंबहुना तेव्हाच तो अधिक करावा लागतो.

आतापर्यंत जी दारे पाहिली ती निर्विवाद सरकारी होती. आता कठीण दाराशी येऊ. सीमाभागातील माणसाचा पैसा कोठे असतो? पतसंस्थेत, सहकारी बँकेत, कारखान्याच्या भागभांडवलात. १९०४ च्या सहकार कायद्यानंतर मुंबई इलाख्याच्या ह्या दक्षिण टोकाने जी आघाडी घेतली ती सर्वश्रुत आहे. गदगजवळचे कणगिनहाळ १९०५ मध्ये सहकारी पतसंस्थेने देशभर गाजले. बेळगाव-निपाणीत तर पतपेढी ही गल्लीगल्लीतील वस्तू. सोसायटीची नोंदणी सरकारी निबंधक करतो, लेखापरीक्षा कायद्याने होते, गैरव्यवहार झाला तर संचालक मंडळ बाजूला सारून प्रशासक येतो. मग ही संस्था शासनाच्या नियंत्रणातली नव्हे काय? पुष्कळांना ती वाटत होती; केरळात निबंधकांनी तसे परिपत्रकही काढले होते.

सर्वोच्च न्यायालयाने थलप्पलम सहकारी बँकेच्या खटल्यात ७ ऑक्टोबर २०१३ रोजी ह्याचे उत्तर दिले. न्या. राधाकृष्णन व न्या. सिक्री ह्यांनी भेद केला तो असा. कायद्याने जन्माला आलेली संस्था वेगळी आणि जन्मल्यावर कायद्याप्रमाणे वागणारी संस्था वेगळी. सहकारी संस्था सभासदांच्या इच्छेतून जन्मते. निबंधक तिला नियम लावतो, तिला चालवीत नाही. देखरेख म्हणजे नियंत्रण नव्हे. शासनाची थोडीफार सूट, अनुदान, सवलत म्हणजे मोठ्या प्रमाणावरील वित्तपुरवठा नव्हे. तो पैसा नसता तर संस्था तग धरू शकली नसती इतका तो असावा. आणि हे सिद्ध करण्याचा भार मागणाऱ्यावर. सबब सरसकट सर्व सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरणे नव्हेत.

तर्काच्या दृष्टीने निकाल निर्दोष आहे, असे आम्हांस वाटते. भाव मात्र कडू राहतो. ज्या ठेवीदाराची पतसंस्था बुडाली त्याला 'तुमची संस्था ही तुमचीच, सरकारची नव्हे' हे सांगण्यात सांत्वन थोडे आहे. पण त्याच निकालात एक खिडकी उघडी ठेवलेली आहे, आणि ती फार लोकांच्या नजरेस आलेली नाही. कायद्यातील 'माहिती'च्या व्याख्येत, प्राधिकरणाला अन्य कायद्यान्वये खाजगी संस्थेकडून जी माहिती मिळवता येते तीही मोडते. सहकारी संस्था प्राधिकरण नसेल. निबंधक तर आहे! त्याला कायद्याने जी वही पाहता येते ती वही, अपवादांच्या मर्यादेत, त्याच्यामार्फत नागरिकाला मागता येते. म्हणजे कुलकर्ण्याच्या माळ्यावरचा रुमाल आपल्याला सोडता येत नाही, पण मामलेदाराला तो सोडावयास सांगता येतो.

दोन्ही राज्यांत सभासद असलेल्या संस्थांचा प्रश्न आणखी निराळा. त्या बहुराज्य सहकारी कायद्याखाली जातात, आणि मग राज्याचा निबंधकही त्यांना पुरता लागू राहत नाही. केंद्रीय निबंधक दिल्लीत. ह्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन अशा संस्थांनी सभासदांसाठी माहिती अधिकारी नेमावा अशी तरतूद आली. नागरिकाला नव्हे, सभासदाला. मालकाला आपल्या दुकानाची वही पाहण्यासाठी कायदा करावा लागावा, ह्यावर अधिक काय बोलावे?

ह्याच खिडकीतून निपाणीकडे पाहावे. निपाणीची तंबाखू ही बिडीची तंबाखू. केंद्राचे तंबाखू मंडळ १९७५ च्या कायद्याने झाले, ते गुंटूरला; त्याचे लिलाव सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूचे. ते मंडळ निःसंशय सार्वजनिक प्राधिकरण आहे, पण निपाणीच्या शेतकऱ्याच्या मालाशी त्याच्या लिलावांचा संबंध नाही. येथला भाव व्यापाऱ्याच्या वखारीत ठरे. १९४३ पासून कच्च्या तंबाखूवर केंद्रीय उत्पादनशुल्क होते, तोवर निदान साठ्याची नोंद सरकारी वहीत होई. १९७९ मध्ये ते शुल्क उठले आणि त्या वहीचेही काम संपले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ मार्च १९८१ पासून, शरद जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर येऊन बसले, आणि ६ एप्रिलला गोळीबारात बारा जण गेले. भाव हा त्या आंदोलनाचा विषय होता. पण भावाच्या पोटात माहितीचाच प्रश्न असतो. वजन किती, घट किती, कपात कशाची, पट्टीवर लिहिलेला आकडा कोणी ठरवला? बाजार समिती १९६६ च्या राज्य कायद्याने स्थापन होते, ती प्राधिकरण. व्यापाऱ्याची पेढी नव्हे. समितीच्या आवारात जे घडते त्याची नोंद मागता येते. वखारीत जे घडते त्याची नाही.

बिडी वळणाऱ्या बायांचे पाहा. काम घरी, पाने-तंबाखू ठेकेदाराकडून, मजुरी हजारी. कारखानदार खाजगी, त्याच्या दारी हा कायदा पोहोचत नाही. परंतु १९७७ पासून बिडी उद्योगाला भविष्यनिर्वाह निधी लागू आहे, आणि त्या निधीची संघटना केंद्रीय प्राधिकरण आहे. बिडी-सिगार कामगारांच्या १९६६ च्या कायद्याने कारखानदारास नोंदवह्या ठेवाव्या लागत व कामगार अधिकाऱ्यास त्या तपासता येत. तो कायदा पुढे २०२० च्या संहितेत सामावला गेला. म्हणजे आपल्या नावावर किती वर्षांची वर्गणी जमा आहे हे मालकाकडून न कळले तरी निधीच्या कार्यालयाकडून कळू शकते. येथे कायद्याचे मोल कळते. ज्या बाईचे नाव हजेरीत अनेकदा दुसऱ्याच्या नावाखाली दडते, तिच्यासाठी 'सार्वजनिक प्राधिकरण कोण' हा प्रश्न शब्दच्छलाचा राहत नाही. तो म्हातारपणाच्या निवृत्तिवेतनाचा होतो.

शाळांविषयी थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. दीपक गुप्ता व न्या. अनिरुद्ध बोस ह्यांनी डी.ए.व्ही. महाविद्यालयांच्या प्रकरणात १७ सप्टेंबर २०१९ रोजी असे ठरवले की 'मोठ्या प्रमाणात' म्हणजे निम्म्याहून अधिकच असे नव्हे. शहरातील मोक्याची जमीन नाममात्र दराने मिळाली असेल तर तीही मोठा वित्तपुरवठा ठरू शकेल. शिक्षकांचे पगार ज्या शाळेत शासनाच्या तिजोरीतून होतात तिला आता ह्या कायद्यापासून दूर राहणे अवघड आहे. सीमाभागातील मराठी शाळा टिकवण्यासाठी आपल्या शिक्षणसंस्थांनी जे केले त्याची थोरवी आम्ही जाणतो. त्यांच्याविना येथे मराठी उरली नसती. तरीही एका मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही स्वतः ऐकलेले उत्तर सांगितल्यावाचून राहवत नाही. एका पालकाने अनुदानाचा जमाखर्च मागितला, तेव्हा त्यास विचारण्यात आले, "तुम्ही आपले की त्यांचे?" कायदा म्हणतो, अर्जदाराला कारण विचारू नये. तो आपला की परका हे विचारू नये, असे लिहिण्याची गरज कायदा करणाऱ्यांना भासली नसावी. संघर्षात राहिलेल्या समाजाला घर बंद ठेवण्याची सवय लागते, आणि मग बाहेरच्यापासून राखलेले दार घरच्यांवरही बंद होते.

अर्थात सर्वच काही उघडे करावे असेही नाही. शिक्षकाचा आजार, विद्यार्थ्याची जात, कोणाच्या घरचा पत्ता ह्यांना आडोसा हवाच. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आठव्या कलमातील व्यक्तिगत माहितीचा अपवाद पुष्कळ रुंद केला, आणि तो बदल २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आला. आडोसा आणि भिंत ह्यांतला फरक त्यात राहील काय, ही शंका अनेक जाणत्यांनी बोलून दाखवली आहे. आम्हीही ती शंका बाळगून आहोत.

शेवटी ग्रंथालये, कारण तेथूनच आरंभ केला. १९५६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातून चंदगड तेवढा निघून कोल्हापुरास मिळाला. त्यानंतर कर्नाटकाने १९६५ मध्ये आणि महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचे कायदे केले. दोन्हींच्या नावात आपला तोच शब्द. कर्नाटकाने मालमत्ता करावर उपकर बसवून शासनाची ग्रंथालये उभी केली. महाराष्ट्राने लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना मान्यता देऊन, त्यांचे वर्ग पाडून, अनुदान दिले. परिणाम असा की चंदगडकडील मान्यताप्राप्त वाचनालय अनुदानाच्या प्रमाणावर सार्वजनिक प्राधिकरण ठरण्याचा संभव बराच; बेळगावातील शहर मध्यवर्ती ग्रंथालय तर शासनाचेच, म्हणून निश्चित; आणि दोन्ही कायद्यांच्या शतकभर आधी 'सार्वजनिक' हे नाव धारण केलेली वर्गणीची जुनी वाचनालये मात्र, वेगळा पुरावा नसेल तर, बाहेर. एकाच जिल्ह्यात, एकाच परंपरेत वाढलेली ही भावंडे. घाटाच्या अलीकडे-पलीकडे गेली म्हणून त्यांचे कायद्यातले गोत्र बदलले.

राहिला आमच्या मंडळाचा प्रश्न. आमचे उत्पन्न वर्गणी, देणग्या आणि ठेवींवरील व्याज ह्यांतून येते; शासनाकडून मिळालेली मदत प्रासंगिक आणि अल्प. थलप्पलमची कसोटी लावली तर कोषाध्यक्षांचे म्हणणे बरोबर ठरते, आम्हांस हा कायदा लागू नाही. परंतु चिटणीस अजून १८४८ च्या अर्थाने बोलत होते, आणि त्या अर्थाने त्यांचेही चुकले नाही. ज्या सभासदांनी प्रश्न विचारला त्यांनी पुढच्या बैठकीसाठी लेखी सूचना दिली आहे. मंडळाची इतिवृत्ते व जमाखर्चाच्या वह्या महिन्यातील एका रविवारी वाचनकक्षातील मेजावर ठेवाव्यात आणि सभासद नसलेल्यांनाही त्या पाहू द्याव्यात, अशी ती सूचना आहे. अनुमोदक मिळाला आहे. जुन्या इतिवृत्तांच्या काही वह्या मोडीत आहेत, आणि त्या वाचून कोण देणार हे तेवढे ठरावयाचे आहे.